जत्रेला ट्रिकसीनचं नाटक ठेवावं का?

चाकरमानी_ठाणे
आमचा गाव कुडाळ तालुक्यात. त्रिपुरी पौर्णिमेनंतर आमची जत्रा असते, आणि रात्री दशावतार, म्हणजे कोकणातलं पुराणकथांचं लोकनाट्य. यंदा गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. मुंबईकर पोरांना ट्रिकसीनवालं नाटक हवंय : धूर, रंगीत लाईट, वरून गरुडावर बसून उतरणारा विष्णू. म्हातारे म्हणतात, "आमका नेहमीचो दशावतार होयो, नायतर वर्गणी देवचव नाय." मी मधल्या मधे. मला दोन्ही आवडतं. ट्रिकसीनमुळे दशावतार बिघडतोय असं खरंच आहे का? जे प्रत्यक्ष काम करतात त्यांनी सांगितलं तर बरं.

पायपेटीवालो
मी पेटी वाजवतो. जत्रेतही बसतो आणि ट्रिकसीनच्या नाटकालाही. पोटाचा प्रश्न आहे, नाक मुरडून चालत नाही.

आधी व्यवहाराचं. जत्रेच्या रात्रीची कंपनी बऱ्याच देवळांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. तुमच्याकडे तसं असेल तर त्यात हात घालू नका. पालखीची प्रदक्षिणा, मग धुपारती, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी आणि हसवणारा राक्षस संकासुर ही सोंगं, मग आख्यान म्हणजे मुख्य कथा आणि पहाटे दहीकाला, हे सगळं देवाचं कार्य म्हणून चालतं. ट्रिकसीनचं नाटक हवं तर वर्धापनदिनाला वेगळं ठेवा.

आता बिघडण्याचं. लाईटने काही बिघडत नाही. अडचण वेगळीच आहे, आणि ती प्रेक्षकातून दिसत नाही. आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. रंगपटात, म्हणजे नटांच्या तयारीच्या जागेत, नट स्वतःच रंग लावत बसलेले असतात, तिथेच जाणता माणूस कथा सांगतो : तू राजा, तू ऋषी, पहिला प्रवेश दरबाराचा, शापापर्यंत न्या. संपलं. पुढचं सगळं बोलणं रंगमंचावर, आयत्या वेळी. राजा आणि ऋषी वादाला उभे राहिले आणि समोरचे लोक जागे असले की तो वाद वाढतच जातो. एकाने पुराणातला दाखला दिला की दुसऱ्याने त्याच्यावर चढ दाखला द्यायचा. कमी पडला तर लोक हसतात, आणि ते हसू वर्षभर त्याच्या मागे लागतं. मी नटाच्या तोंडाकडे बघत असतो. शेवटचं वाक्य त्याने जरा लांबवलं, मान माझ्या बाजूला वळवली, की समजायचं, पद म्हणजे गाणं येणार. मी सूर देतो, पखवाजवाला हात उचलतो.

ट्रिकसीनमध्ये हे गोठतं. शिवलिंग दुभंगून शंकर बाहेर येणार, तर नटाने ठरल्या जागी, ठरल्या वाक्याला उभं राहायचं. धूर सोडणारा पोरगा त्या वाक्याची वाट बघतोय. नटाला त्या रात्री सुंदर काही सुचलं तरी तो गिळतो, कारण मागे यंत्र तयार आहे. त्यातून गडगडाट रेकॉर्डचा असला की मी आणि पखवाजवाला हात बांधून बसतो.

पण असाही एक प्रयोग झालाय जिथे नटांनी ट्रिक फक्त शेवटच्या प्रवेशाला ठेवली आणि तोवर मोकळं बोलले. धुराच्या पोरालाही सांगितलं होतं, वाक्य ऐकू नको, पखवाजावरची थाप ऐक. म्हणजे लगाम आमच्याकडे. ते नाटक रंगलं. तेव्हा कमिटीने कंपनीला एवढंच विचारावं : ट्रिका किती, आणि पेटी-पखवाज जिवंत की रेकॉर्ड?

जुनी_पानं
'नेहमीचा दशावतार' म्हणणाऱ्या आजोबांना एक विचारा. त्यांना आवडणारी ती नाट्यपदं कुठून आली? संगीत नाटकाच्या शहरी रंगभूमीवरून. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 1880 चं. पुढे त्या वळणाच्या चाली दशावताराने उचलल्या आणि आपल्या करून टाकल्या. आता त्याच चालींशिवाय म्हाताऱ्यांना नाटक आळणी लागतं. 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेसुद्धा कर्नाटकातून आलेल्या खेळांवरून स्फूर्ती घेऊनच. घेणं-देणं जुनंच आहे.

पायपेटीवालो
बरोबर. फरक इतकाच की नाट्यपद आलं तेव्हा ते गाणारा माणूस त्यासोबत आला. गडगडाटासोबत कोण येतो? पेनड्राइव्ह.

संकासुरीण
मी महिला मंडळाच्या दशावतारात संकासुर करते. अंगभर काळा पोषाख, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. आम्ही उभ्या राहिलो तेव्हा "बायकांनी दशावतार?" म्हणून नाकं मुरडणारे हेच लोक. इतकी वर्षं पुरुष साडी नेसून राणी झाले ते चाललं!
मला ट्रिकसीनचं वावडं नाही, पण पेटीवाल्या दादांचं पटतं. संकासुराची सगळी मजा त्या गावातल्या त्या दिवशीच्या भानगडीत असते. सरपंचाने रस्ता केला नाही, एसटी बंद पडली, ते भटजीशी मालवणीत बोलून काढायचं. हे रेकॉर्ड कसं करणार? मी जत्रेला लवकर जाते आणि चहाच्या टपरीवर बसून गावातलं काय काय चाललंय ते काढून घेते.

चाकरमानी_ठाणे
ठरलं. जत्रेला नेहमीची कंपनी, मे महिन्यात वर्धापनदिनाला ट्रिकसीन. म्हातारे राजी आहेत, पोरं कुरकुरतायत. वर्गणीतून थोडे पैसे उरतील. झालर लावावी म्हणतोय.

पायपेटीवालो
झालर नको रे बाबा. पखवाजाला वेगळा माईक द्या. आणि भोंगे देवळाच्या मागच्या बाजूला फिरवू नका, आवाज घुमून नटाला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येतं.