मदत हवी आहे : टेकडीवरची घाणेरी नेमकी कधी काढावी?

नमस्कार मंडळी,
पुण्यात वेताळ टेकडीवर आम्ही काही जण रविवारी सकाळी श्रमदानाला जातो. उन्हाळ्यात रोपांना पाणी घालायचं आणि जमेल तशी घाणेरी (लँटाना, बाहेरून येऊन सगळीकडे फोफावलेलं झुडूप) उपटायची. खरी अडचण घाणेरीची आहे.

नुसती वरून छाटली तर बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. म्हणून मातीखाली चार बोटं कुदळ घालून मूळच तोडतो आणि झुडूप उलटं करून ठेवतो. पावसात जमीन मऊ असते, काम झरझर होतं. पण नेमकी तेव्हाच लांडोर झुडपाखाली अंडी उबवत असते. उन्हाळ्यात रातवा पक्षी तर घरटंबिरटं काही करत नाही, थेट पाचोळ्यात दोन अंडी. मागे कुदळ मारणार तेवढ्यात एक पायाजवळूनच भुर्रकन उडाला. तोवर ते वाळकं पानच वाटत होतं!

दिवाळीनंतर करावं, तर माती दगडासारखी, शिवाय तोवर बुलबुलांनी फळं खाऊन बिया चहूकडे पोचवलेल्या असतात. काही जण म्हणतात, फुलपाखरांसाठी घाणेरी राहू द्या. मला ते फारसं पटत नाही, पण एकदम सगळी काढली तर पाखरांचा आडोसा जाईल हेही खरं.

कोणी टप्प्याटप्प्याने काढली आहे का? कोणता महिना धरलात? मोकळ्या जागेत बोर, करवंद लावलं की आधी गवत येऊ दिलं? कोरड्या टेकड्यांवरचा अनुभव असेल तर फार बरं.