आज पालिकेचं मतदान आणि जावंसंच वाटत नाहीये, काय करू?

नेरूळचा_आळशी (१५ जानेवारी २०२६, सकाळी ८:४०)

सुट्टी आहे, थंडी आहे (म्हणजे आपली नवी मुंबईची थंडी, पंखा एकवर), आणि मी अजून गोधडीत आहे. खरं सांगू का, आज मत द्यायला जायचं नाहीये मला. राजकारण कळत नाही म्हणून नाही, जरा जास्तच कळतं म्हणून. पालिकेला शेवटचं मत दिलं २०१५ ला, तेव्हा मी कॉलेजात होतो, आता माझी मुलगी नर्सरीत जाते. २०२० ला मुदत संपली, मग कोविड, मग प्रभाग रचना, मग ओबीसी आरक्षणाची केस, शेवटी सुप्रीम कोर्टाने दटावलं तेव्हा कुठे आज मुहूर्त लागला. तेवढी वर्षं प्रशासक होता, माझं काय अडलं? नळाला पाणी येतच होतं.

आणि उभे कोण आहेत तर आमच्याकडच्या दोघांनी वर्षभरात पक्ष बदललाय, एकाने दोनदा. मागे ज्या निशाणीच्या विरोधात मत दिलं त्याच निशाणीवर आता माझा तेव्हाचा उमेदवार. त्यात गेल्या वेळी एकच मत होतं, आता पॅनल, चार मतं! यातल्या एकालाच मी ओळखतो, तोही गणपतीच्या बॅनरवरून.

तर प्रश्न दोन. नाही गेलो तर काय बिघडतं? आणि गेलोच तर एकालाच मत देऊन बाकीची तीन सोडली तर चालतं का? आई साडेसातपासून साडी नेसून बसलीये. मी म्हटलं आज किंक्रांत, तूच म्हणतेस ना काही करू नये, तर म्हणे नवं काम करू नये, मत काय नवं आहे का.

सीवूड्सवाली (९:१०)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण आत्ताच देऊन आले. चारही द्यायची असतात. अ ब क ड अशा चार जागा, मशीनवर कागदाचा रंग वेगळा, पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा, फिकट असतात जरा. प्रत्येकात शेवटी नोटा आहेच, ज्या जागेला कोणी पटत नाही तिथे ते दाब. चौथं झालं की लांब बीप वाजतो. माझ्या पुढचे आजोबा दोन दाबून निघाले, "मला दोनच पसंत आहेत" म्हणाले मोठ्याने, आतल्या मॅडमनी परत बोलावलं, अख्खी लाईन हसली.

मोबाईल घरी ठेवून जा. आत नेऊ देत नाहीत आणि बाहेर ठेवायला कोणी नसतं, मी समोरच्या भाजीवाल्या काकांकडे दिला, परत आल्यावर अर्धा किलो वाटाणा घ्यावाच लागला. आणि आईचं केंद्र बघून घे आधी, आमच्यात मी एका शाळेत, नवरा दुसऱ्या, एकाच घरात राहून!

पारसिकचा_वारा (९:३२)

झोप रे भाऊ. मत न देणं हे पण मतच आहे. नोटा बिटा सगळं मन रमवायला, नोटाला लाख मतं पडली तरी दुसरा निवडून येतोच ना. माझी उद्याची रजा आहे, चार दिवस अलिबाग, मी तर मांडव्याच्या बोटीतून टाईप करतोय.

सीवूड्सवाली (९:४०)

@पारसिकचा_वारा विधानसभा लोकसभेला तसंच आहे, २०१९ ला लातूर ग्रामीणला नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता तरी काही फरक पडला नाही. पण आपल्याकडच्या पालिका वगैरेंसाठी राज्य निवडणूक आयोगाने २०१८ ला आदेश काढलाय, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक परत घ्यायची. बोटीत नेट आहे तर वाच की जरा.

निवृत्त_गुरुजी_ठाणे (१०:२०)

आमच्याकडेही आजच आहे, २०१७ नंतर थेट आज. मी मास्तर होतो, निवडणुकीच्या ड्युट्या करून पाठ गेली माझी. बाळा, "एका मताने काय होतं" याला लोक नेहमी बेलापूरचं उदाहरण देतात, २०२४ च्या विधानसभेला ३७७ मतांनी सीट गेली, तुमच्याच भागातली. पण ३७७ म्हणजे काही एक नव्हे, त्यामुळे त्याने तुझं समाधान व्हायचं नाही, माझंही होत नाही.

मी वेगळं सांगतो. आत पोलिंग एजंट बसलेले असतात, त्यांच्याकडे यादी असते, येईल त्याच्या नावावर टिक. दुपारी तीन चारनंतर कोण राहिलंय हे त्यांना पाठ असतं, मग फोन, रिक्षा, दारावर माणूस. जे कधीच येत नाहीत त्यांच्याकडे कोणी जात पण नाही. आणि मोजणीला प्रत्येक केंद्राचं मशीन वेगळं उघडतं, बाहेर बसलेला माणूस आकडे लिहून घेतो. तू कोणाला दिलंस ते कळत नाही, पण तुमच्या केंद्रावर किती आले ते बरोबर कळतं. पुढे गटाराचं झाकण कोणाच्या गल्लीत आधी बसतं हे मी सांगायला नको.

अजून एक. एकदा साडेचारला एक गृहस्थ आले, त्यांच्या नावावर मत आधीच पडलेलं. नियमाने त्यांना कागदी मतपत्रिका दिली, प्रदत्त मत म्हणतात, ते वेगळ्या लिफाफ्यात जातं आणि सहसा मोजलंही जात नाही. फार चिडले. चौकशीत कळलं की साहेब मागच्या तीन निवडणुकांत फिरकलेच नव्हते. कोणाला तरी ते माहीत होतं.

पारसिकचा_वारा (१०:३१)

गुरुजी ते रिक्षावालं खरं आहे, आमच्याकडे कधीच कोणी येत नाही. मला वाटायचं आम्ही सज्जन म्हणून.

नेरूळचा_आळशी (सायंकाळी ६:०५)

गेलो. गुरुजींचं वाचून लगेच उठलो असं नाही, जेवलो, झोपलो, तीनला आईने चपला घातल्या आणि दारात उभी राहिली, बोलली काही नाही, ते जास्त लागतं. बरं तिचे गुडघे असे की एकटीला पाठवणं शक्य नाही, म्हणजे माझ्या आळसात तिचं मत पण जाणार होतं, हे सकाळी लिहिताना डोक्यातच आलं नव्हतं. खोली तळमजल्यावर होती, नशीब. लाईन पस्तीस चाळीस मिनिटं, आईला म्हाताऱ्यांच्या लाईनीतून आधी सोडलं, मी मागे.

आत गेल्यावर चार रंग बघून गोंधळलोच. दोन नावांना दिलं, एक नोटा, चौथं सांगत नाही. क मध्ये एक बाई होत्या ज्यांनी आमच्या सेक्टरचं बालवाचनालय चालवलं होतं, मला आठवतच नव्हतं त्या उभ्या आहेत ते, नाव वाचल्यावर ट्यूब पेटली. घरी गोधडीत बसून "एकालाच ओळखतो" म्हणत होतो.

येताना आईला विचारलं कोणाला दिलंस. म्हणे गुप्त असतं ते, आणि पर्समधून कालचा तिळगूळ काढून हातावर ठेवला.

पारसिकचा_वारा (६:२२)

शाई निघते का रे? ग्रुपवर सगळे म्हणतायत मार्करने लावतात आणि नेलपॉलिश रिमूव्हरने जाते.

नेरूळचा_आळशी (६:२५)

रिमूव्हर बायकोचा आहे, मागायची हिंमत नाही. भांडी घासली आल्यावर, अजून तरी आहे.