पहिला फासा कुठं पडला? मराठवाड्यातल्या डी अँड डीवाल्यांनो, या इकडं

चिठ्ठीबहाद्दर, परभणी

परवा भाचा सुट्टीला आला आणि कपाटातला स्टीलचा डबा हलवून म्हणतो, मामा ह्याच्यात काय खुळखुळतंय. उघडला तर पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, बॉलपेननं आकडे घातलेल्या. आमचा पहिला डी-ट्वेंटी, म्हणजे २० बाजूंचा फासा! १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसननं काढलेला हा डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स (एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन फाशांवर खेळतात), परभणीच्या आमच्या हॉस्टेलात पोचायला ४१ वर्षं लागली, तेही पाचव्या एडिशनचे बेसिक रूल्स कंपनीनं २०१४ ला फुकट टाकले होते म्हणून, पेनड्राइव्हवरनं. फासे मात्र कुठून आणणार? दुकानदाराला २० बाजूचा फासा मागितला तर त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लुडो काढून ठेवला. मग १ ते २० चिठ्ठ्या, डबा हलवायचा, डोळे मिटून एक काढायची, आकडा सांगायचा, परत टाकायची. ही परत टाकायची भानगड लई बेकार, एकानं २० ची चिठ्ठी बोलता बोलता खिशात घातली आणि आम्ही पुढं दोन तास क्रिटिकल (२० पडला की बसणारा जबरी घाव) का पडंना म्हणून नशिबाला शिव्या देत बसलो.

नंतर कधीतरी वाचलं की १९७९ ला तिकडं फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खेळाच्या त्यावेळच्या कंपनीनं पण खोक्यात आकड्यांच्या चिठ्ठ्याच घालून विकल्या होत्या. त्याच दिवशी ग्रुपवर टाकलं, आपण मागास नाही, परंपरावादी आहोत.

तर लिहा. कुणी नादाला लावलं, पहिलं कॅरेक्टर काय, घरचे काय म्हणले. संभाजीनगरवाल्यांनी उगी ऑनलाइन मागवलेल्या फाशांचे फोटो टाकून रुबाब करू नये.

बादलीवाला क्लेरिक, लातूर

२०१६. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष, म्हणजे लातूरकरांना पुढं काही सांगायची गरज नाही. दोस्ताचा भाऊ पुण्याहून आला होता, त्यानं गच्चीवर संध्याकाळी बसवलं आम्हाला. सगळ्यांनी फायटर (लढवय्या), रोग (चोरटा) असलं कॅरेक्टर घेतलं, मी आपलं मोबाइलवर स्पेलची यादी वाचत बसलो तर त्यात क्लेरिकला, म्हणजे देवाच्या पुजाऱ्याला, पहिल्याच लेव्हलला पाणी तयार करायचा मंत्र! १० गॅलन. लिटरमध्ये किती म्हणलं, तर ३८ च्या आसपास. दोन घागरी आणि वर एक कळशी. आणि दिवसातून दोनदा मारता येतो! अरे बाबा, तलवार घालतो का चुलीत, मला हेच पाहिजे.

पण त्यात एक मेख आहे, पाणी उघड्या भांड्यात पडतं. डीएम (डंजन मास्टर, गोष्ट सांगणारा) म्हणला भांडं कुठंय तुझं. मग सामानाच्या यादीत बादली सापडली, ५ तांब्याची नाणी, मी ४ घेतल्या. डंजनमध्ये, म्हणजे भुयारात, पहिला गॉब्लिन (बुटका राक्षस) आला तेव्हा बाकीचे शस्त्रं उपसायलेत आणि मी खांद्यावरच्या बादल्या उतरवायलोय, डीएमनं डोकं धरलं. तेवढ्यात खालून आईची हाक, "काय करायलाव रे पोरंहो, टँकर आलाय!" आठ-दहा दिवसांनी आलेला. फायटर, रोग, डीएम, सगळी पार्टी खऱ्या बादल्या घेऊन जिन्यावरनं खाली. तो गॉब्लिन तसाच उभा राहिला, पुढच्या रविवारपर्यंत.

खंदक_कन्या, छ. संभाजीनगर

माझं लॉकडाऊनमधलं, २०२०, डिस्कॉर्डवर. सगळे बेंगलोर-पुण्याचे, फाडफाड इंग्रजी, मी दोन सेशन नुस्ती "आय अटॅक" म्हणत होते. मग एकदा डीएम आजारी पडला आणि मी भीत भीत म्हणलं मी घेते एक. मॅप-बिप काढता येत नाही मला, म्हणून शाळेच्या सहलीत पाहिलेलं आठवेल तसं सांगत गेले. आधी अणकुचीदार खिळ्यांचा दरवाजा. मग डोंगर सरळ तासून खाली खंदक, वर जायला एकच अरुंद वाट. मग काळोखा बोगदा, वाकडातिकडा, पायऱ्या उंचसखल, वर वटवाघळं. आणि बोगदा संपतो तिथं वर लोखंडी झाकण, त्याच्यावर शेगडी पेटवायची म्हणजे आतल्यांचा धुरानंच निकाल. पार्टीतले तिघं तिथंच गेले. चौथा चिडून म्हणला हे अनफेअर आहे, कोणत्या मॉड्यूलमधलं, म्हणजे तयार गोष्टीच्या पुस्तकातलं, आहे हे?

मी म्हणलं, खुलताबाद रोडवरचं.

(देवगिरी न पाहिलेल्यांनी उन्हाळ्यात जाऊ नये, जायचंच तर सकाळी.)

फक्त वाचक, बीड

मला काही जमलं नाही बुवा. कॅरेक्टर शीट भरायला अडीच तास, एवढे रकाने तर पीकविम्याच्या फॉर्मला नसतात. विझार्ड (जादूगार) केला, हिट पॉइंट म्हणजे जीव ५, पहिल्याच बाणात आडवा. परत गेलो नाही. पण मित्र खेळतात तिथं भजी चांगली असतात म्हणून जातो.

आजीचा नातू, नांदेड

आमच्याकडं अडचण वेगळीच. आजीला फासे दिसले की शकुनी आठवतो, "घरात फासे आले की घर जातं" हे लहानपणापासून ऐकलेलं. दोन आठवडे आम्ही पोर्चमध्ये खेळलो. मग पावसानं आत यावं लागलं, ती आपली बाजूला बसून वाती वळत होती, तोंडानं काही नाही. आमच्या गोष्टीतला टॅव्हर्नवाला (दारूच्या गुत्त्याचा मालक) दखनीत बोलतो, "क्या होना बोलो, उधार नक्को", त्यावर फक्त गालात हसली. पुढच्या शनिवारी डीएम रंगात येऊन सांगतोय, सरदारानं दोन्ही हातांनी दरवाजा ढकलला, तर मागनं आजी, "अरं त्याचा उजवा हात तर मागल्या शनवारी तोडला ना तुम्ही?"

डीएम गप. वही चाळली. खरंच तोडला होता. तेव्हापासून नोंदी आजीकडं.

चिठ्ठीबहाद्दर, परभणी

@बादलीवाला, गॉब्लिनचं पुढं काय झालं ते सांगितलंच नाहीस.

आणि हो, भाच्याला खेळायला बसवावं म्हणून आज चिठ्ठ्या मोजल्या तर १९ च निघाल्या. २० ची आहे, १३ ची नाही. हॉस्टेलवाले कुणी वाचत असतील तर जुन्या पँटींचे खिसे बघा राव.