मदत हवी आहे: रोज ट्रेन, अधूनमधून विमान. फोल्डिंग सायकल १६ इंची घेऊ की २० इंची?

घडीचा_गोंधळ:

फोल्डिंग सायकल घ्यायची आहे. गरज अशी:

घर ते स्टेशन ३ किमी, मध्ये ट्रेन, उतरल्यावर ऑफिसपर्यंत ४ किमी. हेच परत येताना. स्टेशनवर दोन जिने आहेत. ट्रेनमध्ये सायकल फक्त घडी घालून नेता येते. दुसऱ्या बाजूला एक पूल आहे, चढ साधारण ५ टक्के, लांबी ४०० मीटर.

उंची १८० सेमी, वजन ९२ किलो, सोबत लॅपटॉप आणि डबा धरून ७ किलो सामान. वर्षातून एकदोनदा विमानाने नेऊन तिथे दिवसाला ४०-५० किमी चालवायची आहे.

१६ इंची लहान होते, २० इंची चांगली चालते, एवढं सगळीकडे वाचलं. पण निवडताना नेमकं काय मोजायचं? गिअर किती हवेत? बिजागरी सैल होते म्हणतात, ते कितपत खरं?

---

आरे_मोजणारा:

आधी टेप काढा, सायकली नंतर बघा. ट्रेनमध्ये सायकल ठेवणार ती जागा (दोन सीटच्या मागची फट, दाराजवळचा कोपरा, जे असेल ते) मोजा. मग ऑफिसात टेबलाखाली किती जागा आहे ते. यातली सगळ्यात अडचणीची जागा तुमची सायकल ठरवते.

१६ इंची ब्रॉम्प्टनची घडी साधारण ६४.५ × ५८.५ × २७ सेमी. २० इंची डहॉन, टर्न किंवा त्याच पद्धतीने मधोमध दुमडणाऱ्या सायकलींची घडी ८० × ६५ × ३८ सेमीच्या आसपास, मॉडेलप्रमाणे थोडं कमीजास्त. लांबी-उंचीतला फरक चालून जातो. खरी गोम जाडीत आहे. २७ सेमी दोन पायांच्या मध्ये बसते, ३८ सेमी येणाऱ्याजाणाऱ्याच्या नडगीला लागते.

चाकाचा आकार बघताना नुसत्या इंचांवर जाऊ नका. '१६ इंची' नावाखाली ३०५ मिमी आणि ३४९ मिमी अशा दोन वेगळ्या रिम येतात, '२० इंची' नावाखाली ४०६ आणि ४५१. एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. टायरच्या बाजूवर ४७-४०६ किंवा ३५-३४९ असं छापलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. यांत ४०६ सगळ्यात सहज मिळतो, कारण लहान मुलांच्या आणि बीएमएक्स सायकलींनाही तोच लागतो. ३४९ घेतलीत तर एक टायर आणि दोन ट्यूब घरात राखून ठेवाव्या लागतील. ४५१ पळायला हलकी, पण तिचे टायर बारीक असतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर ९९ किलो भार टाकायचा तर मी ती सुचवणार नाही.

लहान चाकाचा तोटा थोडक्यात: ४७-४०६ टायरचा घेर साधारण दीड मीटर, ३४९ चा १.३ मीटर, नेहमीच्या मोठ्या सायकलीचा २.१ मीटर. म्हणजे तेवढ्याच अंतरात ३४९ चं चाक मोठ्या चाकाच्या दीडपटीहून जास्त फिरतं. टायर, रिमची ब्रेक लागणारी बाजू आणि हबची (चाकाच्या मध्यभागाची) बेअरिंग त्याच प्रमाणात लवकर झिजतात. शिवाय ज्या खड्ड्यावरून मोठं चाक सरकून जातं त्यात लहान चाक उतरतं. ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटून दोन समांतर भोकं पडली असतील तर दोष काचेचा नाही, हवा कमी होती. तुमच्या वजनाला ४७-४०६ मध्ये मागे ६०-६५ पीएसआय, पुढे ५०-५५. ३५-३४९ असेल तर मागे ९०-१००. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. आणि आठवड्यातून एकदा पंपाचा काटा बघायचाच, ट्यूब लहान म्हणून हवाही लवकर उतरते.

---

दातेरी_चकती:

चाकांबद्दल वर आलंच आहे. मी गिअरवर लिहितो, कारण दुकानात '७ गिअर', '९ गिअर' ऐकून लोक फसतात. गिअर किती, याला अर्थ नाही. सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड कोणता, ते विचारा.

हिशोब सोपा आहे. पुढच्या चकतीचे दात भागिले मागच्या चकतीचे दात, गुणिले टायरसकट चाकाचा व्यास इंचांत. याला गिअर इंच म्हणतात. ४७-४०६ टायरचा खरा व्यास १९.७ इंच भरतो, ३५-३४९ चा १६.५.

२० इंचीवर पुढे ५२ दात, मागे १४ ते २८ दातांचं ७ गिअरचं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) हा नेहमीचा जोड. हलका गिअर ३६.६, जड ७३. तुमच्या पुलावर ताशी १० किमीने चढायचं तर ३६.६ वर मिनिटाला साधारण ५७-५८ वेळा पेडल फिरेल. जमेल. सपाटीवर ७३ मध्ये मिनिटाला ८० फेऱ्यांनी ताशी २८ किमी जाता येतं, रोजच्या ७ किमीला त्याहून जास्त लागत नाही. मागच्या चाकाला ११-२८ ची कॅसेट (चकत्यांच्या संचाचा दुसरा प्रकार) असलेलं मॉडेल मिळालं तर जड गिअर ९३ पर्यंत जातो, हलका तोच राहतो. मात्र फ्रीव्हील आणि कॅसेट यांचे हब वेगळे असतात, नंतर नुसत्या चकत्या बदलून चालत नाही.

१६ इंचीवर ३ गिअरचं हब (गिअर चाकाच्या मध्यभागातच) असेल तर मधला गिअर सरळ, म्हणजे १०० टक्के, हलका त्याच्या ७५ टक्के, जड १३३ टक्के. ५० आणि १३ दातांच्या जोडीत हे ४८, ६४, ८५ असं पडतं. ४८ वर तोच पूल म्हणजे मिनिटाला ४३ फेऱ्या. ९२ किलो वजनाला गुडघ्यावर येणार. पुढची चकती ४४ दातांची लावून घेतली की हलका गिअर ४२ वर येतो आणि फेऱ्या पन्नाशीला पोचतात. जड गिअर ७५ वर उतरतो, तो या वापरात कोणाला आठवणारही नाही. खर्च एका चकतीचा, चेन दोनेक कड्यांनी कमी करावी लागते.

बिनगिअरची साधी फोल्डिंग साधारण ६० इंचावर असते. तिच्यावर पुलाचा विचार सोडा.

डिरेलरबद्दल (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) एक गोष्ट. २० इंची चाकावर तो जमिनीपासून वीतभरही उंच नसतो. चिखल आधी त्याच्यावर उडतो आणि ट्रेनमध्ये बॅगा आपटतात त्याही त्याच्यावरच. लांब पिंजऱ्याचा नको, छोट्या पिंजऱ्याचा घ्या आणि त्यावर संरक्षक कडी बसवा. हबमधल्या गिअरला ही कटकट नाही, पण पंक्चर काढताना मागचं चाक उतरवायचं तर आधी गिअरची तार सोडवावी लागते आणि १५ चा पाना जवळ हवाच.

---

लॅच_आणि_लिव्हर:

बिजागरी सैल होते का? होते. तो दोष नाही, तिची निगा घ्यावी लागते इतकंच. निगा न घेतलेली मात्र धोक्याची.

फ्रेमवरच्या बिजागरीपेक्षा हँडलच्या दांड्याची बिजागरी आधी बघा. दांडा लांब, तुम्ही ब्रेक मारताना किंवा चढावर हँडल ओढता तेव्हा सगळा जोर खालच्या त्या एका सांध्यावर येतो. दुकानात अशी तपासा: पुढचा ब्रेक घट्ट दाबा, एका हाताने हँडल पुढेमागे ढकला, दुसऱ्या हाताचं बोट सांध्याच्या फटीवर आडवं ठेवा. दोन बाजू एकमेकींवर सरकल्या तर बोटाला कळतं. सांधा गप्प आहे पण खाली फ्रेममध्ये 'टक' लागतं, तर ते हेडसेटचं (हँडल ज्यावर फिरतं त्या फ्रेममधल्या बेअरिंगचं) ढिलेपण आहे, त्याची दुरुस्ती वेगळी.

बिजागरी बंद करणाऱ्या लिव्हरची परीक्षा: बंद करताना साधारण अर्ध्या वाटेवर विरोध जाणवायला हवा आणि शेवटचा टप्पा तळहाताने दाबूनच जायला हवा. एका बोटाने बंद होत असेल तर सैल. दोन्ही हातांनी, चेहरा लाल करून बंद होत असेल तर जास्त घट्ट, आणि तेही वाईट, कारण लिव्हरच्या खिळीवर ताण येऊन ती कधीतरी तुटते. जुळवायचं तर लिव्हर उघडून आतला बोल्ट किंवा नट एका वेळी फक्त एक अष्टमांश फेरा फिरवायचा, बंद करून बघायचं, मग पुढचा. लोक सरळ अर्धा फेरा देतात आणि मग बिजागरी वाईट म्हणतात.

लिव्हर बंद झाल्यावर चुकून उघडू नये म्हणून दुसरी कडी किंवा खटका आहे का ते बघाच. नसेल तर ती सायकल यादीतून काढा. माझ्या मते हलकं वजन, गिअर, डिस्क ब्रेक हे सगळं याच्या नंतर.

वापरलेली घेत असाल तर बिजागरीच्या वेल्डिंगजवळ रंगाला केसासारखी रेघ आहे का, उजेडात तिरकं धरून बघा. ॲल्युमिनियम वाकून इशारा देत नाही, तडकतं. रेघ दिसली की भाव करत बसू नका.

करकर येते तेव्हा सगळे बिजागरीला तेल घालतात. बऱ्याचदा आवाज सीटपोस्टचा असतो. फोल्डिंगमध्ये तो जाड असतो (ब्रॉम्प्टनला ३१.८ मिमी, बऱ्याच डहॉनला ३३.९) आणि आत प्लॅस्टिकची बाही असते, तिच्यात धूळ बसते. पोस्ट बाहेर काढा, दोन्ही कोरड्या फडक्याने आणि थोड्या स्पिरिटने पुसा. तिथे ग्रीस लावू नका. लावलंत तर चालवता चालवता सीट खाली सरकू लागेल आणि तुम्ही क्लॅम्प आवळत बसाल. बिजागरीच्या फक्त खिळीला तेलाचा एक थेंब, एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या पृष्ठभागांना नाही.

भारमर्यादा कागदावर वाचा. अनेक कंपन्यांची १०५ ते ११० किलो असते आणि बहुतेकदा त्यात सामान धरलेलं असतं. तुमचे ९९ बसतात, पण प्रवासातली १५ किलोची बॅग कॅरिअरवर टाकलीत की बसत नाहीत.

---

घडीचा_गोंधळ:

सर्वांचे आभार. जागा मोजली, ट्रेनमधली फट ३४ सेमी निघाली! म्हणजे २० इंची गेलीच ना? आणि विमानाचं कोणी सांगेल का?

---

आरे_मोजणारा:

३४ मध्ये ३८ बसवायला जाऊ नका, रोज भांडण होईल. १६ इंची, ३४९ रिमची. बर्डी नावाची आणखी एक फोल्डिंग आहे, तिची चाकं १८ इंची (३५५ रिम), पुढे-मागे सस्पेन्शन, चालवायला या दोघींपेक्षा सुखाची. पण घडीची जाडी प्रत्यक्ष मोजल्याशिवाय तिच्यात पडू नका.

घडी घालून ढकलता येते का तेही बघा. १२ किलो दोन जिने उचलणं ठीक आहे, प्लॅटफॉर्मभर उचलणं नाही. घडीची छोटी चाकं मऊ आणि दोन्हींमधलं अंतर रुंद हवं, नाहीतर सायकल वळताना आडवी पडते.

---

दातेरी_चकती:

माझं थोडं वेगळं मत. दिवसाला ५० किमी वर्षातून दोनदाच असेल तर १६ इंची चालेल. तेच दर रविवारी करायचा विचार मनात असेल तर फट सोडा आणि ट्रेनच्या दाराजवळचा कोपरा परत मोजा. हातापर्यंत येणारे हादरे हा गैरसोयीचा नव्हे, थकव्याचा प्रश्न आहे.

---

लॅच_आणि_लिव्हर:

विमानाचं. अनेक विमान कंपन्यांत चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून मर्यादा १५८ सेमी आणि वजन २३ किलो. तुमच्या तिकिटावरची तपासा. ब्रॉम्प्टनच्या घडीची बेरीज १५०, म्हणजे बॅगेच्या भिंतींना फक्त ८ सेमी. २० इंचीची बेरीज १८३, ती चाकं आणि हँडलचा दांडा सोडवल्याशिवाय नियमात बसत नाही.

भरायचा क्रम:

१. सीटपोस्ट पूर्ण काढून आडवा ठेवा. ब्रॉम्प्टनमध्ये खाली केलेला सीटपोस्टच घडीला कुलूप घालतो, तो काढला की मागचं चाक सुटं होतं. म्हणून मागची चौकट मुख्य फ्रेमला पट्ट्याने बांधा. हे विसरलात तर बॅग उचलताच आत सायकल उलगडते.

२. बिजागरीचे बाहेर आलेले क्लॅम्प आणि त्यांचे स्क्रू काढून पिशवीत. आपटून वाकतात ते हेच.

३. डावं पेडल काढायचं असेल तर लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने सैल होतं.

४. चाक काढलंत तर फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा. बऱ्याच फोल्डिंगला पुढे ७४ मिमी लागतो, मोठ्या सायकलीचा १०० मिमीचा तिथे बसत नाही.

५. चेनवर जुना टॉवेल. टायरमधली हवा निम्मी, पूर्ण काढू नका, रिमला तोच गादीचं काम करतो.

पाने चेक-इनमध्ये, सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

अवांतर: नंतर बॅटरीवाली घेऊ असं मनात आलं तर, प्रवासी विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सरळ चालते, १६० पर्यंतची कंपनीच्या परवानगीने. सायकलीच्या बॅटऱ्या त्याहून कितीतरी मोठ्या असतात, त्या घरीच राहतात.

---

घडीचा_गोंधळ:

१६ इंची, ३ गिअरचं हब, पुढे ४४ दात, असं ठरवतोय. १८० उंचीला सीट पुरेल?

---

आरे_मोजणारा:

उंचीवर जाऊ नका, पायाची आतली लांबी मोजा. भिंतीला टेकून, पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर दाबून, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत. त्याला ०.८८३ ने गुणा. क्रँकच्या (पेडलच्या दांड्यांच्या) फिरण्याच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत एवढं अंतर मिळायला हवं. ८५ सेमी पाय असेल तर ७५ सेमी. आणि ते अंतर सीटपोस्टवरची 'किमान खोली'ची खूण फ्रेमच्या आत राहून मिळायला हवं. खूण बाहेर दिसत असेल तर जास्त लांबीचा किंवा दुहेरी सरकणारा पोस्ट मागा. लांब पोस्टने घडीची उंची थोडी वाढते, तेव्हा टेबलाखालची जागा त्याच टेपने पुन्हा मोजा.