मोंबासाला जातोय, चतुर्थीच्या आत परत यायचंय. पिवळ्या तापाची लस लागते का?

देवगडचा बागायतदार:
नमस्कार मंडळी. यंदाची शेवटची पेटी गेली, बाग आता पावसाच्या हवाली. जुलैअखेर मी आणि मंडळी केनियातल्या मोंबासाला निघतोय. मुलगा तिथे नोकरीला आहे, नात चार महिन्यांची झाली आणि आम्ही अजून तिला फोनवरच बघतोय. माझं वय 64, हिचं 59. हिला साखर आहे, गोळ्या चालू. तिकीट काढणारा एजंट म्हणतो, "काका, मोंबासाला लस लागत नाही." मुलगा म्हणतो, घेतल्याशिवाय निघू नका. खरं कोणाचं? परतीचं विमान चतुर्थीच्या तीन दिवस आधी मुंबईत उतरतं. घरचा गणपती माझ्याकडे, त्यामुळे एक दिवस इकडचा तिकडे चालणार नाही. आणि लस मुंबईलाच जाऊन घ्यावी लागते का? इथल्या डॉक्टरांकडे टायफॉइडची आहे, ही नाही म्हणाले.

जुना दर्यावर्दी, रत्नागिरी:
एजंट जाण्याचं बोलला, मुलगा येण्याचं. आपल्याकडे पिवळा ताप नाही, त्यामुळे भारतातून थेट येणाऱ्याकडे केनिया नियमाने लसीचं कार्ड मागत नाही. पण तो ताप पसरवणारा एडिस डास, म्हणजे आपला डेंग्यूचाच डास, इथे घरोघरी आहे. म्हणून सरकार परतताना कार्ड बघतं आणि केनिया त्या यादीत आहे. मोंबासा शहरात धोका कमी असला तरी विमानतळावर देश बघतात, शहर नाही. कार्ड नसेल तर तो देश सोडल्यापासून सहा दिवस पुरे होईपर्यंत वेगळं ठेवू शकतात. तुमचा हिशोब तुम्हीच करा: गणपती पाटावर आणि यजमान क्वारंटाइनमध्ये!
मुंबईत केईएम, जेजे आहेत, पण देवगडहून तिकडे कशाला? वास्कोजवळ मुरगाव बंदराचं पोर्ट हेल्थ ऑफिस आहे, तिथे ही लस देतात. कणकवलीहून मडगाव, पुढे वास्को. मात्र आधी फोन करा. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात, ती एकदा फोडली की सहा तासांत संपवायची, उरलेली फेकायची. त्यामुळे ठरलेल्या वारीच माणसं बोलावतात. आयत्या वेळी गेलात तर हात हलवत परत.
कार्ड लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं. निघायच्या आदल्या आठवड्याची कल्पना डोक्यातून काढा. एकदा घेतली की जन्मभर पुरते. माझ्या जुन्या पिवळ्या पुस्तिकेत दहा वर्षांची मुदत छापलीय, पण जुलै 2016 पासून तीच जन्मभराची धरतात. त्यावर पेनाने काही खोडू नका म्हणजे झालं.

कुडाळची सिस्टर:
दर्यावर्दी काकांचं बरोबर आहे, पण काका 64 चे आहेत हे कुणी बोललंच नाही. ही जिवंत विषाणूची लस आहे, फक्त दुबळा केलेला. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांत गंभीर त्रासाचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त दिसतं. तरीही ते क्वचितच, पण म्हणून आधी तुमच्या फिजिशियनला सगळं सांगा: स्टेरॉइड, कॅन्सरची औषधं, छातीतल्या थायमस ग्रंथीचा आजार, अंड्याची मोठी ॲलर्जी. नुसत्या साखरेमुळे वहिनींना सहसा अडत नाही. लस झेपणारी नसेल तर डॉक्टर सूट म्हणून पत्र देतात, पण त्या पत्राने इथलं वेगळं ठेवणं टळेलच असं धरू नका. तसं झालं तर परतीचं तिकीटच आधीचं करा.
आणि मलेरिया! "आम्हाला मलेरियाचं काय नवल" असं कोकणात सगळे म्हणतात. तिकडचा फाल्सिपॅरम जातीचा, क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या गोळीला दाद देत नाही. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं तर निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावर चार आठवडे घ्यायचं असतं. लोक घरी पोचले की गोळी सोडतात. सप्टेंबरात ताप आला की आमच्या ओपीडीत पहिल्यांदा लेप्टो आणि डेंग्यूच डोक्यात येतात. तुम्ही दारातच सांगा, "आफ्रिकेतून आलोय."

दापोलीकर:
उमऱ्याला जाताना मेनिंजायटिसची लस घेतली, तिचंही दहा दिवसांचंच गणित. फॉर्मवर पासपोर्टचा एक आकडा मीच चुकीचा लिहिला आणि घरी आल्यावर कळलं. पुन्हा हेलपाटा. काउंटर सोडायच्या आधी कार्ड आणि पासपोर्ट शेजारी ठेवून वाचा.

देवगडचा बागायतदार:
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो, पुढच्याला उपयोगी पडेल.
सिस्टरांचं वाचून आधी कणकवलीला फिजिशियनकडे गेलो. बीपीच्या गोळीपलीकडे मला काही नाही. त्यांनी दोघांनाही हरकत नाही म्हणून लिहून दिलं. मग फोन करून वार ठरवला, आदल्या दिवशी फोंड्याला मेहुणीकडे मुक्काम केला. सुई दंडावर, कातडीखाली, मुंगी चावल्यागत. अर्धा तास बसवून ठेवलं. समोर एक जहाजावर जाणारा पोरगा बसलेला, त्याने हिला विचारलं, "आजी, भीती वाटली?" ही म्हणाली, "सुयेची नाय रे बाबा, घराक कुलूप लावचा म्हटल्यार भय वाटता."
पाचव्या दिवशी माझं अंग जरा मोडून आलं, कणकण होती, दोन दिवसांत गेली. हिला काहीच नाही. कार्डं वाचून घेतली, आकडे बरोबर. दापोलीकर, तुमच्यामुळे दोनदा वाचली.
डॉक्सिसायक्लिन पोटभर जेवून, भरपूर पाण्यासोबत घ्या असं डॉक्टरांनी बजावलंय. एजंटला फोन करून सांगितलं, तर म्हणतो, "काका, तुम्ही परत येणार हे मी धरलंच नव्हतं."