कव्हर कशाचं आहे, ते आधी बघा

धातूचं कव्हर लावलं की हंबकरचा (इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची कंपनं टिपणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपचा) आवाज दबतो, असं म्हणतात, ते अर्धंच खरं. पितळी कव्हरमुळे वरचे सूर बोथट होतात. जर्मन सिल्व्हरच्या (तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या) पातळ कव्हरने फरक जेमतेम कळतो. मुलामा दोन्हींवर सारखाच असतो, म्हणून आतली कड कानशीने किंचित घासा. पिवळं दिसलं तर पितळ.

मेणाचं मात्र कुणी बोलत नाही. कव्हर आणि कॉइलमध्ये पोकळी राहिली की जास्त गेनवर (अँपने सिग्नल खूप वाढवल्यावर) कव्हरचा पत्रा थरथरतो आणि अँप शिट्टी मारतो. मी कव्हरमध्ये थोडं वितळलेलं पॅराफिन ओतून पिकअप दाबून बसवतो, कडेचं मेण पुसतो आणि बेसप्लेटला (पिकअपच्या तळाच्या धातूच्या प्लेटला) कव्हर दोन बाजूंनी सोल्डर करतो. मेण थेट गॅसवर नको, गरम पाण्यात भांडं ठेवूनच वितळवा. आणि सोल्डरिंगला २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, प्लेट सगळी उष्णता पिते.