शहापूर-मुरबाडच्या गावात घर: व्याजाची सूट द्या की आधी कागद द्या?

माजिवडेकर (धागा सुरू)
ठाण्यात, ऐरोलीत नोकरी करणाऱ्याला पस्तीस लाखांत शहरात घर मिळत नाही, हे आता सांगायलाही नको. तो वासिंद-आसनगावकडे सरकतो, मुरबाड रस्त्याला चौकशी करतो, नाहीतर गावच्या वडिलोपार्जित जागेवर बांधायचं म्हणतो. आणि नेमकं तिथेच सरकार हात आखडतं.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. त्यातलं व्याज अनुदान असं: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सूट, १२ वर्षांच्या मुदतीपर्यंत. एकूण मिळतात जास्तीत जास्त १.८० लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. हे नागरी क्षेत्राला, आणि विकास प्राधिकरणाच्या अधिसूचित हद्दीतल्या गावांना. भिवंडीलगतचं काल्हेर ग्रामपंचायत असूनही बसतं, कारण भिवंडीभोवतीच्या ६० गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे (मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाकडे) आहे. शहापूर तालुक्यातलं खेडं त्या हद्दीबाहेर, म्हणून बसत नाही. पगार तोच, लोकल तीच, उलट प्रवास जास्त.

ग्रामीण भागासाठी २०१७ ची व्याज अनुदान योजना होती: २ लाखांच्या कर्जावर ३ टक्के. पहिल्या वर्षी ६ हजार रुपये सुटणार, पुढे मुद्दल उतरेल तशी सूटही उतरणार. यात घराची कौलंसुद्धा येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की १.८० लाखांचं अनुदान ग्रामपंचायत हद्दीलाही सरसकट लागू करा.

फेरफार_नोंद
माजिवडेकर, अनुदान उद्या लागू झालं तरी तुमच्या आसनगाववाल्याला ते मिळणार नाही. अनुदान कर्जावर मिळतं, आणि कर्जच मिळत नाही. ते का मिळत नाही, हे बघा.

थकलेल्या कर्जाचं घर कोर्टात न जाता ताब्यात घ्यायचा बँकेचा अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्यातून येतो. त्याच कायद्याच्या कलम ३१ (आय) प्रमाणे शेतजमिनीवरच्या तारणाला तो अधिकार लागू नाही. सातबाऱ्यावर ‘शेती’ आहे तोवर बँकेच्या लेखी तुमच्या आरसीसी घराला तारण म्हणून किंमत नाही. व्याज ४ टक्के करा नाहीतर शून्य करा, शाखेतला माणूस फाइल परत देणार.

दुसरी गोची जमिनीच्या आकाराची. २०२३ च्या अधिसूचनेनंतर जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (किमान ठरवलेला आकार) २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे. त्याखालचा शेतजमिनीचा तुकडा विकायचा तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. तरी रस्त्याकडेला फलक दिसतात, ‘दोन गुंठे, सुलभ कर्ज उपलब्ध’. हातात येते नोटरी केलेली साठेखताची (विक्रीच्या नुसत्या कराराची) प्रत किंवा वीस जणांच्या नावचा सामाईक सातबारा. या कागदावर कुठल्याही राष्ट्रीयीकृत बँकेचा वकील सर्च रिपोर्टवर (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याच्या अहवालावर) सही करणार नाही.

सरकारने पैसा मोजणी आणि बिनशेतीवर (शेतजमीन घरासाठी कागदावर बदलून देण्यावर) घालावा. व्याजावर घातला तर तो ज्यांचे कागद आधीच चोख आहेत त्यांच्याच खिशात जाईल.

कळव्याची_सुनीता
फेरफार दादा, तुम्ही सांगताय ते शेतजमिनीचं. जुन्या गावठाणातल्या घरांचं काय? तिथे बिनशेतीचा प्रश्नच नाही. गावठाणाला सातबारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांकडे असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढंच तो सांगतो, मालक कोण हे सांगत नाही. लोक तोच घेऊन बँकेत जातात आणि हात हलवत परत येतात.

स्वामित्व योजनेत (२०२० पासून) ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका, म्हणजे घराच्या मालकीची नोंद, देताहेत. ती हातात असेल तर बँकेचं दार किलकिलं होतं. पण तीही गावठाणाच्या सीमेपर्यंतच. त्या रेषेपलीकडे मुलाने वेगळं बांधलेलं घर, वाडीवरची घरं, पाड्यावरची घरं मोजणीत येत नाहीत, आणि गावात नवी घरं तिथेच उभी राहतात.

फेरफार_नोंद
ताई, त्या रेषेपलीकडच्यांसाठी महसूल संहितेत कलम ४२-ड आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी बिनशेती झाली असं मानलं जातं. रूपांतरण कर, अकृषिक आकारणी आणि लागू असेल तिथे नजराणा (सरकारला द्यायची ठरावीक रक्कम) भरायचा. लोक चुकतात ते अंतरात. शेवटच्या घरापासून पावलं मोजतात. अंतर धरायचं भूमी अभिलेखच्या नकाशावरच्या गावठाण सीमेपासून. गाव नकाशाबाहेर दीडशे मीटर फुगलेलं असतं, त्यामुळे ‘घराला लागूनच’ असलेली जमीन नकाशावर ३०० मीटरवर निघते. आधी मोजणी लावा, ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) हातात घ्या, मग तहसील गाठा.

घणसोली_गावठाण
मग आमच्याकडे नवी मुंबईत गावकऱ्यांनी गरजेपोटी, परवानगीशिवाय बांधलेल्या घरांना हे २०० मीटर का नाही लावत? ९५ गावं सिडकोला गेली, गावठाणं वाढलीच नाहीत.

फेरफार_नोंद
कारण तिथली जमीन संपादित झालेली आहे, सातबारा सिडकोच्या नावावर. ४२-ड मालकाला मिळतो. तुमच्याकडे आधी मालकी किंवा भाडेपट्टा नियमित व्हायला हवा. तो वेगळा धागा होईल, आणि फार लांब होईल.

हप्तेवाला
दोघांचंही अर्धं बरोबर. कागद चोख असलेल्यालाही गावात बँक सहज कर्ज देत नाही, हे फेरफाररावांनी सोडून दिलं. घर विकलं जाईल का, गिऱ्हाईक मिळेल का, ही भीती असतेच. मग तो माणूस गृहवित्त कंपनीकडे जातो. १२ लाखांचं कर्ज, १५ वर्षं धरा. बँकेचा दर ८ टक्के असेल तर हप्ता साधारण ११,४७० रुपये. कंपनीचा १२ टक्के असेल तर १४,४००. महिन्याला २,९३० चा फरक, वर्षाला ३५ हजार.

आता माजिवडेकरांचं अनुदान बघा: १.८० लाख भागिले पाच, वर्षाला ३६ हजार, तेही पाचच वर्षं. म्हणजे ज्याला बँकेने नाकारलं, तो पंधरा वर्षांत सव्वापाच लाख जादा मोजतो आणि सरकार त्यातले १.८० लाख परत देतं. अनुदान ग्राहकाच्या नावाने निघालं, तरी गेलं कंपनीच्या व्याजात. शिवाय अनुदानाचा हप्ता सुटताना कर्ज चालू हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवं, ही अट आहेच. मध्येच गावची जमीन विकून कर्ज फेडलं तर उरलेले हप्ते गेले.

आणखी एक. २०१९ पासून बँकांचे बदलते दर बाह्य मानकाला, बहुतेक ठिकाणी रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला), जोडलेले आहेत. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही, त्या स्वतःचा दर ठरवतात. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. बँकेच्या कर्जदाराचा दर आपोआप उतरला, कंपनीच्या कर्जदाराला अर्ज करून, कधी शुल्क भरून उतरवून घ्यावा लागतो.

म्हणून मला अनुदानापेक्षा हमी हवी. कर्ज बुडालं तर ठरावीक हिस्सा सरकारी निधी भरेल, असं असेल तर बँक ८ टक्क्यांनी देईल. कमी उत्पन्न गटाच्या गृहकर्जांसाठी असा पतहमी निधी २०१२ पासून आहे, पण तोही शहरी भागापुरता. तो गावात आणा.

फेरफार_नोंद
हमी आली की तपासणी ढिली पडते, हप्तेवाले. नुकसान सरकार भरणार म्हटल्यावर पॅनलवरचा वकील तीस वर्षांच्या नोंदींऐवजी तेराच वर्षांच्या बघून सर्च उरकेल. वारसनोंद नसलेल्या, बहिणींची हक्कसोड नसलेल्या मिळकतींवर कर्जं सुटतील, आणि पाच वर्षांनी बहीण कोर्टात गेली की कर्जदार, बँक आणि निधी तिघं एका रांगेत.

हप्तेवाला
हमी १०० टक्क्यांची कोणीच मागत नाही. बँकेचाही हिस्सा अडकलेला असला की ती तपासतेच.

मुरबाड_वाटेवर
सगळी चर्चा ९ लाख उत्पन्नवाल्यांची चाललीय. ग्रामीण आवास योजनेत काय होतं ते बघा. सपाट भागात १.२० लाख, त्यावर रोहयोची ९० दिवसांची मजुरी साधारण २८ हजार, शौचालयाचे १२ हजार. राज्याने २०२५ मध्ये ५० हजार वाढवले, त्यातले १५ हजार सौर पॅनलचे. सगळं मिळून दोन लाख दहा हजार. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. चौरस फुटाला १,८०० रुपये धरले, आणि मुरबाडच्या आतल्या गावात रेती-खडीच्या वाहतुकीसकट याहून खाली येत नाही, तर ४ लाख ८४ हजार. पावणेतीन लाखांचा खड्डा. तो भरायला योजनेतच ७० हजारांपर्यंतचं कर्ज मिळवून द्यायची सोय लिहिलेली आहे. प्रत्यक्षात तो खड्डा बचत गट, सावकार आणि सोन्याच्या तारणावर भरला जातो. पैसे हप्त्यांत, प्रत्येक टप्प्याच्या जिओटॅग फोटोनंतर. जोत्यापर्यंत आलेलं घर पावसात उघडं पडतं ते या दोन हप्त्यांच्या मधल्या काळात.

वर आदिवासी जमीन. शहापूर अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचाही काही भाग. महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे ती जमीन बिगर आदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हा कायदा हवाच, तो नसता तर महामार्गाच्या कडेला एक पाडा शिल्लक राहिला नसता. पण लिलावात गिऱ्हाईक मिळणार नाही म्हणून बँक तारणच घेत नाही. फेरफारभाऊंचा चोख कागद इथे असूनही उपयोग नाही. हमीची गरज कुणाला असेल तर ती यांना, ठाण्यात नोकरी करून वासिंदला घर बघणाऱ्याला नव्हे.

फेरफार_नोंद
हा मुद्दा मान्य. इथे कागदाने काम होत नाही.

कळव्याची_सुनीता
अनुदानाची अजून एक अट गावाकडच्यांना आडवी येते: कुटुंबात कुणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नको. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. आता मिळकत पत्रिका निघाल्या, त्यात आजोबांच्या घरावर पाच भावांची नावं चढली. राहतो एकच भाऊ, बाकीचे चार दिव्यात, कळव्यात भाड्याने. कागदावर पाचही जण पक्क्या घराचे सहहिस्सेदार. म्हणजे सरकारी मोजणीनेच त्यांच्या सरकारी अनुदानाची वाट अडते. अर्जाआधी मिळकत पत्रिकेवर आपलं नाव आणि हिस्सा बघा. स्वयंघोषणापत्रात लपवलं तर नंतर वसुली होऊ शकते. गेल्या २० वर्षांत कुठल्याही घरकुल योजनेचा लाभ घेतला असेल तरीही नाही.

हप्तेवाला
आणि स्वतः बांधणाऱ्यांसाठी, कारण गावात बहुतेक हेच. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मुभा देते. ती कमाल मर्यादा, तुमचा हक्क नव्हे. दहा लाखांच्या बांधकामाला व्हॅल्युअर साडेआठ धरतो, बँक त्याच्या ८० टक्के देते, म्हणजे ६.८० लाख. उरलेले ३.२० तुमचे, आणि ते आधी घालायचे. जोतं स्वखर्चाने, मग पहिला हप्ता, लिंटेलला दुसरा, स्लॅबनंतर तिसरा. ठेकेदार मात्र स्लॅबच्या आधी सळई आणि सिमेंटचे पैसे मागतो. इथे काम अडतं. सळईपुरती रोकड बाजूला न ठेवता जोतं भरू नका. मंजुरी ऑक्टोबरच्या आसपास मिळेल अशा बेताने अर्ज करा, जूनमध्ये अर्धवट काम आणि चालू व्याज दोन्ही डोक्यावर नकोत.

लहान भूखंडावरच्या ग्रामीण बांधकामाचे परवानगीचे नियम सैल झालेत खरे, पण बँकेला शिक्का असलेला नकाशा लागतोच. सरपंचांचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

माजिवडेकर
ठीक. सरसकट १.८० लाखांचा हट्ट सोडतो. पण मग मागणी अशी करा: शहरी हमी निधीची हद्द काढून टाका, आणि आदिवासी व वर्ग २ जमिनीवरच्या (परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) घरांना हमीचा हिस्सा जास्त ठेवा. व्याजाची सूट नंतर. फेरफारराव, एक विचारतो. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’मध्ये कूळकायदा कलम ४३ लिहिलेलं असेल तर फाइल मेलीच का?

फेरफार_नोंद
मेली नाही. आपल्या जिल्ह्यात पुष्कळ सातबारे तसे आहेत. कुळाला खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा भरून विक्रीच्या परवानगीची अट जाते. आकार सातबाऱ्यावरच लिहिलेला असतो. दोन रुपये असेल तर नजराणा ८० रुपये. ऐंशी रुपयांसाठी लोक वर्षानुवर्षं अडकून बसतात, कारण चलन भरल्यावर फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) घालून तो शेरा कमी करून घ्यायचा असतो, हे कुणी सांगत नाही. पावती फाइलला लावून ठेवतात आणि शेरा तसाच राहतो. बँकेचा वकील पावती वाचत नाही, शेरा वाचतो. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (जुना तलाठीच, नाव नवं) अर्ज, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. नवा सातबारा हातात आल्याशिवाय बँकेचं प्रक्रिया शुल्क भरू नका, फाइल नाकारली तर ते बहुधा परत मिळत नाही.